‘किती दिवस थांबू?’ : टाचेमागची शीर दुखणाऱ्या एका धावणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय ४४, बँकेत नोकरी, मुक्काम कराड. तीन वर्षांपासून धावतात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केली आणि येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन भरलीय. मे महिन्यापासून डाव्या टाचेच्या वर, बुटाची मागची कड लागते तिथं दुखतं. तीन आठवडे विश्रांती घेतली, दुखणं गेलं. दहा किलोमीटर पळाले, परत आलं. असं तीनदा झालं. गोळ्या, शेक, तेल, भिंतीला टेकून ताण देणं, सगळं करून झालं. एका ठिकाणी इंजेक्शन सुचवलंय. आता दिवाळीच्या तोंडावर विचारतात, ‘नक्की किती दिवस थांबू?’

जानेवारीची पूर्ण मॅरेथॉन यंदा सोडा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं त्या तारखेवर डोळा ठेवून वाचलं जाणार नाही. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. हातात तेरा-चौदा आठवडे उरलेत. त्यातले साधारण बारा आठवडे टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर) पुन्हा धावण्याजोगी करण्यात जातील, आणि ४२ किलोमीटरची तयारी त्यानंतर कुठं सुरू होईल. पेडर रोडचा तो चढ शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात येतो. अर्धवट बऱ्या झालेल्या शिरेनं तिथं जाऊ नये.

मी गेली एकवीस वर्षं साताऱ्यात फिजिओथेरपी करते. यवतेश्वरचा घाट, म्हणजे साताऱ्याच्या त्या हिल मॅरेथॉनचा चढ, पळून झाला की पुढचे दोन महिने माझ्याकडे पोटऱ्या, टाचा आणि गुडघेच येतात. त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न तुमच्यासारखाच असतो, ‘किती दिवस थांबू?’ त्यातलं ‘किती दिवस’ रास्त आहे. ‘थांबू’ हा शब्द मात्र चुकतो, आणि तुमचे पाच महिने त्यातच गेले.

आधी जागा नक्की करू. खुर्चीवर बसा, डाव्या पायाची टाचेमागची शीर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि हाडापासून वर सरकत दाबत जा. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर दुखरी, थोडी जाडसर जागा लागली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. दुखणं अगदी हाडाला शीर चिकटते तिथं असेल तर उपाय थोडा बदलतो, तो ओघात सांगते. आणि पळताना एकदम ‘फट्’ झालं, मागून कोणी काठी मारल्यासारखं वाटलं, चवड्यावर उभंच राहता येईना, तर उत्तरं वाचत बसू नका. शीर तुटलेली असू शकते, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजून गरम, टणक झाली असेल तरीही तसंच. तिथं रक्ताची गुठळी नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

या शिरेला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात, पाठ्यपुस्तकात ती कंडरा असते आणि जुन्या मराठीत धोंडशीर. पोटरीचे दोन स्नायू, वरचा फुगीर आणि त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस, खाली येऊन या एका शिरेत मिळतात. शरीरातली सगळ्यांत जाड आणि दणकट शीर ही. धावताना दर पावलाला तिच्यावर अंगाच्या वजनाच्या सहापटीहून जास्त ओढ येते. तुमचं वजन ७० किलो धरा आणि एका किलोमीटरात डाव्या पायाची पाचशेच्या आसपास पावलं पडतात असं धरा. बँकेत आहात, गुणाकार तुम्हीच करा.

विहिरीवरचा काथ्याचा जुना दोर आठवा. पीळ घट्ट आहे तोवर तो कळशीही ओढतो आणि मोटही. पण एकाच जागी पीळ सैल पडला, तंतू इकडेतिकडे झाले, की ती जागा फुगते, मऊ पडते आणि ओढ नीट पुढं देत नाही. तुमच्या शिरेत जवळपास हेच झालंय. तिथं सूज आणणाऱ्या पेशी फार सापडत नाहीत. कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू विस्कटलेले असतात, मधे पाणी धरणारा चिकट पदार्थ वाढलेला असतो, बारीक नव्या रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळीनं चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी मूळ दुखणं तसंच असतं. गोळीची चूक नाही, तिला तिथं कामच नाही.

मे महिन्यात काय झालं ते तुम्ही स्वतःच लिहिलंय, पण एका ओळीत आणि जाता जाता. आठवड्याला ३५ किलोमीटर पळत होतात ते तीन आठवड्यांत ५५ वर नेलं. रविवारचा सपाट रस्ता सोडून घाट धरलात. आणि त्याच महिन्यात टाचेला कमी उंचीचे नवे बूट घेतलेत. या तिन्हींतली एकच गोष्ट केली असती तर बहुधा निभावलं असतं.

तुम्हाला दमायला झालं नाही, पोटऱ्या भरून आल्या नाहीत, मग शीरच का कुरकुरली? कारण दम वाढतो काही आठवड्यांत, स्नायू दीड-दोन महिन्यांत, आणि शिरेला महिने लागतात. २०१३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. १९५५ ते १९६३ या काळात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळं हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर हळूहळू उतरला. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या अंगात त्याची खूण राहिली. मृत्यूनंतर त्यांच्या टाचेच्या शिरा तपासल्या, तर गाभ्यातला कार्बन त्यांच्या सतराव्या वर्षाच्या आसपासचाच निघाला. स्नायू पुन्हा पुन्हा नवा होतो. या शिरेचा गाभा मात्र आपण साधारण बारावीत असताना जो बनला, तोच घेऊन माणूस म्हातारा होतो. म्हणून ‘जुनी शीर जाऊन नवी येईल’ असं मी कोणाला सांगत नाही. बिघडलेल्या भागाभोवतीचा चांगला भाग हळूहळू जास्त ओढ घ्यायला शिकतो, आणि माणूस बिनदुखता पळू लागतो. सोनोग्राफीत ती जागा तेव्हाही जाडच दिसते. तेव्हा दर महिन्याला सोनोग्राफी करून पैसे घालवू नका.

आता विश्रांती. तीन आठवडे थांबलात तेव्हा दुखणं गेलं, कारण ओढच गेली. पण त्या तीन आठवड्यांत पोटरीचा जोरही उतरला, शिरेची सोसण्याची ताकदही उतरली. मग थेट दहा किलोमीटर पळालात, म्हणजे मे महिन्यापेक्षाही कमकुवत पाय घेऊन रस्त्यावर गेलात. तीनदा केलंत, दर वेळी थोडे जास्त खाली गेलात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची हीच कहाणी असते, आणि त्यांना वाटत असतं की आपण फार संयम पाळला. नुसतं बसून राहण्याला मी संयम म्हणत नाही. या दुखण्यात तो पाळायचा असतो काम करताना.

त्या कामाचा शोधही गमतीशीर आहे. हाकान आल्फ्रेडसन हे स्वीडनमधले हाडांचे सर्जन. त्यांचीच ही शीर दुखत होती. ऑपरेशन करून घ्यायचं होतं, पण वरिष्ठ तयार होईनात. मग त्यांनी ठरवलं, शीर इतकी दुखवायची की ती तुटलीच पाहिजे, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून, दुखत असतानाही टाच खाली सोडायची, पुन्हा पुन्हा, वजन घेऊन. शीर तुटली नाही, उलट बरी झाली. पुढं १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावणाऱ्यांवर हाच व्यायाम केल्याचं प्रसिद्ध केलं. रोज १८० वेळा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. नेहमीचे उपचार घेतलेल्या दुसऱ्या पंधरा जणांना शेवटी ऑपरेशन करावं लागलं.

गट लहान होता, आणि रोज १८० वेळा हा प्रकार नोकरी करणाऱ्या माणसाकडून होत नाही, हे मी पाहिलंय. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात शंभर होतात, तिसऱ्यात ‘मॅडम, पाहुणे आले होते’. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्येच ५८ जणांवर तुलना झाली. एका गटाला रोजचा आल्फ्रेडसन व्यायाम, दुसऱ्याला आठवड्यातून फक्त तीनदा, पण जड वजन आणि संथ गती. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच सुधारले होते. मी दुसरा प्रकार देते.

तीनदाच का, तर शिरेचा हिशोब स्नायूपेक्षा वेगळा चालतो. जड व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस शिरेत बांधणीपेक्षा मोडतोड जास्त होते. बांधणीची बाजू त्यानंतर वर येते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत टिकते. रोज जड काम दिलं तर शीर कायम तोट्यात राहते. एक-दोन दिवसांचं अंतर ठेवलंत की फायद्यात जाते. तेव्हा व्यायामाचे वार नेमून टाका: सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी चाला, सायकल मारा, पोहा, दम टिकवा. दम गेला तर माणूस हताश होतो आणि हताश माणूस गडबड करतो.

व्यायाम दिसायला इतका साधा आहे की लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरात ओट्याची कड दोन बोटांनी धरून उभे राहा. दोन्ही टाचा उचला. मनात सावकाश तीन मोजत वर, तीन मोजत खाली. उसळी नाही, झटका नाही. बहुतेक जण वर जाताना नीट मोजतात आणि खाली येताना सोडून देतात. काम खाली येण्यातच जास्त आहे. अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर वजन राहू द्या, पाय करंगळीकडे कलू देऊ नका. पंधरा वेळा, दोन मिनिटं थांबून परत पंधरा, असं तीनदा. मग तेवढंच गुडघे थोडे वाकवून, कारण गुडघा वाकला की काम खालच्या सोलियसवर जातं, आणि धावताना खरा हमाल तोच असतो.

दोन पायांवर पंधरा सहज झाले की एका पायावर. एका पायावर सहज झाले की जिन्याच्या पायरीच्या कडेला, टाच पायरीखाली जाऊ देत. (दुखणं अगदी हाडापाशी असणाऱ्यांनी पायरी घेऊ नये, जमिनीवरच करावं. टाच खाली गेली की शीर हाडावर दाबली जाते आणि ते त्यांना सोसत नाही.) पायरीवरही सोपं झालं की पाठीवर मुलाची जुनी शाळेची सॅक, त्यात पाच किलो तांदूळ. मग दहा. त्यापुढं सरळ जिममध्ये जा, कारण तुमच्या वजनाच्या माणसाला शेवटी सॅकमध्ये मावणार नाही एवढं वजन लागतं. वजन वाढेल तसे आकडे उतरतात, पंधराचे बारा, मग दहा, आठ, अकराव्या-बाराव्या आठवड्यात सहा. प्रत्येक टप्प्यावर शेवटचे दोन अवघड गेले पाहिजेत. मोबाइल बघत करता येत असेल तर वजन कमी आहे.

भिंतीला टेकून ताणणं मात्र काही आठवडे बंद. तुमची शीर आखडलेली नाही, अशक्त आहे.

‘व्यायाम करताना दुखलं तर?’ दुखणारच, थोडं. स्वीडनमधल्या संशोधकांनी यासाठी एक साधी पद्धत रूढ केली. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, आणि पाचपर्यंत चालेल, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. मी माझ्या लोकांना तीन-चारपर्यंतच सांगते, कारण धावणारी माणसं स्वतःचा आकडा एक-दोनानं कमीच सांगतात. त्याच पद्धतीत दुखणं हद्दीत ठेवून धावणं चालू ठेवलेल्यांचंही काही बिघडलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी तुम्हाला मी निदान पहिले सहा आठवडे धावू नका म्हणते. तीनदा जे झालं ते वाचून माझा तुमच्या शिरेवर विश्वास आहे, तुमच्या ‘थोडंसंच पळतो’ वर नाही.

खरी गोष्ट त्या दुसऱ्या सकाळची आहे. ही शीर तिथल्या तिथं तक्रार करत नाही. पळायला लागलं की दोन किलोमीटरनंतर दुखणं विरून जातं, अंग तापलं असतं, आपण खूश असतो. निरोप येतो दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून मोरीकडे जाताना, पहिल्या दहा पावलांत. म्हणून मोजमाप तिथं घ्यायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकोनात रोज सकाळी एक आकडा लिहा. चहाच्या आधी, रोज तेच जिने उतरून. माझ्याकडे एसटीतले एक वाहक यायचे. त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर महिनाभर दीड लिटरच्या शेजारी ४, ४, ५, ३, ४ असं लिहिलेलं होतं. ते म्हणाले, ‘मॅडम, काहीच फरक नाही.’ मी मागच्या महिन्याचं पान उलटायला लावलं. तिथं ६, ७, ६, ६ होतं. ते पान त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं. रोजचे आकडे खाली-वर होतातच. थंडी, उभ्यानं केलेली ड्युटी, आदल्या दिवशीचं लग्न, कशानंही. तुम्ही आठवड्याला आठवडा ताडून बघा. सकाळचा आकडा दोनानं वाढला तर पुढच्या वेळी वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. सलग दोन आठवडे उतरता असेल तर वजन वाढवा.

आता सगळ्यांत धोक्याची वेळ. लोकांना वाटतं पहिले दोन आठवडे अवघड असतात. माझ्या अनुभवात गाडी घसरते ती सहाव्या ते आठव्या आठवड्यात, बरं वाटायला लागल्यावर. २०११ साली माझीच ही शीर दुखत होती. मी फिजिओथेरपिस्ट, रोज चार जणांना हेच सांगणारी. सातव्या आठवड्यात सकाळचा आकडा शून्य आला, तोही लागोपाठ तीन दिवस. सप्टेंबर होता, कासला फुलं होती आणि रविवारी मैत्रिणी निघाल्या होत्या. ‘नुसते पाच किलोमीटर’ म्हणून गेले आणि चौदा पळून आले. वाटेत एक कळ नाही. मी मनातल्या मनात आमच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांना हसत होते. सोमवारी सकाळी कठड्याला धरून, आडवी होऊन, एक एक पायरी उतरले. पुढचे चार महिने त्याचेच. एकूण नऊ महिने गेले, त्यातले निम्मे त्या एका रविवारचे.

सातव्या आठवड्यात दुखणं गेलेलं असतं, ताकद आलेली नसते. दोन्ही वेगवेगळ्या वेगानं चालतात. म्हणून धावायला केव्हा लागायचं हे मी दुखण्यावरून ठरवत नाही. चाचण्या साध्या आहेत. दुखऱ्या पायावर एकट्यानं, संथ, टाच पूर्ण वर नेत सलग किती होतात? चांगल्या पायाचे मोजा आणि त्याच्या जवळपास पोहोचा. पंचवीसच्या आसपास आले तर तुमच्या वयाला उत्तम. शेवटच्या पाचांत टाच अर्धीच वर जात असेल तर ते धरायचे नाहीत. मग एका पायावर जागच्या जागी वीस उड्या, आणि दुसऱ्या सकाळी कालनिर्णयावर काय येतं ते बघा. आकडा हलला नाही तर धावा.

धावणं म्हणजे एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा. सपाट रस्त्यावर. संध्याकाळी चालेल, घाईच्या सकाळी नको. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हे करताना तुम्हाला लाज वाटेल. कृष्णेच्या घाटावर ओळखीचे भेटतील, ‘काय साहेब, दमलात?’ म्हणतील. तयारी ठेवा. आधी पळण्याची मिनिटं वाढवा, मग अंतर, मग वेग, आणि सगळ्यांत शेवटी चढ. चढावर टाच खाली जाते आणि शीर लांबलेल्या अवस्थेत ओढ घेते. वेगात ओढ एकदम वाढते. यवतेश्वरचं नाव पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काढू नका. आणि धावणं सुरू झालं म्हणून सॅक कोपऱ्यात टाकू नका, आठवड्यातून दोनदा ते वर्षभर चालू राहणार आहे.

माझ्याकडे भरतीची मुलं येतात तेव्हा हे सगळं सांगणं फार जड जातं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, सेकंदासेकंदाला गुण असतात आणि वय निघून चाललेलं असतं. अकादमीत रोज सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर पळवतात, नडगी दुखते, हाडाला बारीक चीर असते, आणि मुलगा म्हणतो, ‘मॅडम, वीस दिवसांवर ग्राउंड आहे, फक्त पट्टी बांधून द्या.’ त्याला मी काय सांगू? काहींना पट्टी बांधून दिलीय, आणि त्यातल्या एकाला मैदानावरून उचलून आणलेलं पाहिलंय. तुमची नोकरी या पायावर अवलंबून नाही. मुंबईची शर्यत २००४ पासून होतेय, पुढच्या वर्षीही होईल. त्या मुलाच्या मानानं तुमचं कठीण नाही, हे रागावून नाही, हिशोब म्हणून सांगते.

इंजेक्शनबद्दल. कोणतं सुचवलंय ते तुम्ही लिहिलं नाही. स्टेरॉइडचं असेल तर शिरेत घेऊ नका. काही आठवडे छान वाटतं, पण शीर कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो, आणि छान वाटलं की तुम्ही पळणार हे ठरलेलंच. स्वतःचंच रक्त फिरवून देतात ते पीआरपी असेल, तर २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या २४० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ते आणि नुसती सुई टोचल्याचं नाटक यांत फरक निघाला नाही. त्या पैशात वर्षभराची जिम होईल. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घ्यायची सवय असेल तर तीही सोडा, कारण त्यानं कालनिर्णयावरचा आकडा खोटा होतो.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मी विचारते. एप्रिल-मेमध्ये जुलाब, लघवीचा संसर्ग असं काही होऊन सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लेव्होफ्लोक्सासिनचा कोर्स झाला होता का? या जातीच्या प्रतिजैविकांनी टाचेची शीर दुखावू शकते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ पासून त्यावर ठळक इशारा छापायला लावलाय. आपल्याकडे ती सर्रास दिली जातात. झाला असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना हे दुखणं आठवणीनं सांगा, पर्यायी औषध असतं. औषध मात्र मनानं बंद करू नका. चाळिशीनंतर शीर रेंगाळत असेल तर साखर आणि कोलेस्टेरॉलही एकदा तपासून घ्या, दोन्हींचा या शिरेवर परिणाम होतो.

घरातल्या सपाट चपला आणि कोल्हापुरी सध्या बाजूला ठेवा. चपलेच्या दुकानात किंवा चांभाराकडे रबराची सेंटिमीटरभर जाडीची टाच कापून घ्या, दोन्ही बुटांत घाला, एकाच नको, नाहीतर कंबर बोलेल. पहिले दीड-दोन महिने पुरे, मग ती काढायची. तेल लावायचं तर लावा, बरं वाटतं. पण ती जाडसर गाठ अंगठ्यानं रगडून ‘मोडायचा’ प्रयत्न कोणाला करू देऊ नका. ती मोडत नाही.

चार आठवड्यांनी मला तीन आकडे कळवा: त्या आठवड्यातला सकाळचा साधारण आकडा, डाव्या आणि उजव्या पायावर एकेकट्यानं किती टाचा उचलल्या जातात ते, आणि सॅकमध्ये किती किलो आहे ते. ‘बरं वाटतंय’ लिहिलंत तर मी परत आकडेच विचारणार. आणि ते नवे बूट कोणाला देऊन टाकू नका. त्यांचा दोष एवढाच की ते चुकीच्या महिन्यात आले. मार्चनंतर आठवड्यातून एकदा, दोन किलोमीटरसाठी बाहेर काढू.